चार पाय की एक खांब

अण्णांनी नारळ दोन्ही हातांत धरून डोळे मिटले, तसा मागे उभ्या असलेल्या बायकांनी डोक्यावर पदर आणि ओढणी घेतली. सुबोधने खिशातला रुमाल डोक्यावर टाकला. सौरभकडे रुमाल नव्हता, त्याने पंजा ठेवला.

होळीच्या दुसऱ्या दिवशी ऊन कललं की अंगणातल्या तुळशीपुढे नारळ ठेवायचा, हे जोगेश्वरीत आल्यापासून चालत आलेलं. गावी सगळ्या वाडीच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान घाडींचा. इथे वाडी नव्हती. एक खालचा मजला, एक वरचा, पुढे अंगण आणि मागे उभी राहायला घरातलीच पाच माणसं. पण मान तो मान.

"बा देवा म्हाराजा!" ऐंशी उलटल्यावर अण्णांचा आवाज बसला होता, पण गाऱ्हाण्याच्या वेळी तो कुठून तरी परत येई. "आज ही तुझी लेकरां एका जाग्यार जमली हत, तेंका सुखात ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माझ्या नातीन, श्रुतिकान, जी परीक्षा दिलेली आसा, तेच्यात तिका येश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सूनबायच्या गुडघ्याक उतार पडांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सौरभान आपल्या जाग्यार टॉवर उभो करूचो इचार आणलेलो आसा. तेच्यात काय वाकडा-नाकडा येत आसात तर ता दूर कर, आणि काम सुरळीत पार पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज सुलक्षणाचा होता. तो तोंडातून गेला आणि तिने डोक्यावरचा पदर हळूहळू तोंडाशी आणला.

श्रुतिकाने ते पाहिलं. आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. अण्णांचं वाक्य संपायच्या आधीच सगळ्यांची तोंडं उघडली होती, तिचं स्वतःचंसुद्धा. डॉक्टरने गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो, तसं 'म्हाराजा' ऐकलं की 'व्हय' उडत होतं. मधे काय मागितलं हे कुणी ऐकलंच नव्हतं. गेले दोन आठवडे ज्या मोबाइल टॉवरवरून घरात धड जेवण होत नव्हतं, त्याला घरातल्या प्रत्येकाने देवासमोर होकार दिला होता.

अण्णांनी नारळ फोडला. पाणी निघालं, खोबरं पांढरं निघालं. सुबोधने डोक्यावरचा रुमाल काढला, घडी घातली आणि खिशात ठेवता ठेवता म्हणाला, "चला. झालं म्हणजे."

"काय झालं?" सुलक्षणाने विचारलं.

"टॉवरचं. देवासमोर ठरलं ना ताई. तूच तर सगळ्यांत जोरात म्हणालीस."

"सुबोध, मस्करी करू नकोस."

"मस्करी नाही करत. अण्णांना विचार."

अण्णा पायरीवर टेकले होते. धोंडू घाडी म्हणजे एके काळी गिरणीच्या लूम खात्यात एका हाकेत मागांच्या चार रांगा हलवून सोडणारा माणूस; आता त्यांना लेकीच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. टॉवरवरून चाललेला वाद त्यांच्या कानावर कुणी घातला नव्हता; सकाळी सौरभने फक्त टॉवर येतोय एवढं सांगितलं होतं. गाऱ्हाण्यात घरात जे जे चाललंय ते सगळं घ्यायचं, काही सुटू द्यायचं नाही, एवढंच त्यांना माहीत. परीक्षा घेतली, गुडघा घेतला, तसा टॉवर घेतला.

"माका काय म्हायत गो, तुझ्या मनात नाय ता," ते म्हणाले. "पण गाराण्यात इला ता इला. आता मागे कसा घेवचा?"

सुलक्षणाने फुटलेला नारळ उचलला. तिने खोबऱ्याचे तुकडे केले, गूळ फोडला, प्रत्येकाच्या हातावर प्रसाद ठेवला. सुबोधच्या हातावर ठेवताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"एक मिनिट," श्रुतिका म्हणाली. खोबरं तिच्या गालात होतं. "अण्णा, तुम्ही टॉवर म्हणालात. कुठला टॉवर, ते नाही म्हणालात."

"म्हणजे?"

"म्हणजे टॉवर ठरला. चार पायांचा, अंगणाच्या मधोमध, कुंपण घालून, हे नाही ठरलं. देवाला कुठे माहितीये सौरभचं ड्रॉइंग?"

"हिला वकील करायला हवी होती," सुबोध म्हणाला.

"फिजिक्स आहे माझं, बाबा. आम्ही पण शब्द बघूनच घेतो."

अण्णांनी मान वर केली. बऱ्याच वेळाने त्यांनी लेकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "पोर बरोबर बोलता."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलक्षणा अंगणात आली तेव्हा श्रुतिका रांगोळीचा डबा घेऊन उकिडवी बसली होती आणि सौरभ टेपचं एक टोक धरून जांभया देत होता.

"काय चाललंय रे?"

"हिला टॉवर बघायचाय," सौरभ म्हणाला. "ऑफिसला जायच्या आधी. माझी बहीण आहे म्हणून ऐकतो, नाहीतर एवढा सर्व्हे मी साहेबासाठी पण करत नाही."

श्रुतिकाने रांगोळीचे चार चौकोन काढले. टॉवरचे चार पाय. मग ते चारही बाहेरून जोडले. मग त्याच्याही बाहेर कुंपणाची रेघ ओढली आणि कोपऱ्यात मशिनांच्या खोलीची.

सुलक्षणा बघत राहिली. ड्रॉइंग तिने पाहिलं होतं, पण कागदावर सगळंच लहान दिसतं. इथे रेघ तुळशीला घासून गेली, कपड्यांच्या दोरीच्या दोन्ही खांबांच्या आतून गेली आणि पायरीपासून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट राहिली. उद्यापासून मिरची यायची होती. बेडगी, संकेश्वरी, थोडी काश्मिरी. मग धणे, मग हळकुंडं. मार्च ते मे या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. जुन्या चादरींवर मिरची पसरायची, दुपारी हलवायची, संध्याकाळी गोळा करायची, भाजायची, डंकावर नेऊन कुटून आणायची. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतच्या सोसायट्यांत तिच्या मसाल्याच्या बरण्या जात. वयाच्या बाविसाव्या वर्षी ती सासरहून परत आली तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले होते, घर तुझाच आसा. त्यानंतर तिने या घरात काही मागितलं नाही. अंगण तिने मागितलं नव्हतं. ते झाडता झाडता तिचं झालं होतं, आणि म्हणूनच ते तिचं आहे असं कुणाला सांगायची सोय नव्हती.

"गच्चीवर नाही का होत?" तिने विचारलं.

"आत्या, स्लॅबने आधीच जीव सोडलाय. पाण्याची टाकी आहे तीच नशीब," सौरभ म्हणाला. "समोरच्या इमारतीवर होता ना, तो गच्चीवरचाच. ती पाडली रीडेव्हलपमेंटला, टॉवर गेला, सगळ्या गल्लीची रेंज गेली. आता तिथे बावीस मजले होतायत. बिल्डर म्हणतो, आमच्या गच्चीवर स्विमिंग पूल आहे, टॉवर नको."

"मग रेंज स्विमिंग पुलातून घ्या म्हणावं," सुलक्षणा म्हणाली.

सौरभ हसला. पण तो हसतानाही थकलेला दिसला. टॉवरसाठी जागा शोधणं हीच त्याची नोकरी. गल्लीतल्या लोकांना रेंज हवी होती. टॉवर कुणालाच नको होता. सगळीकडे नकार मिळाल्यावर त्याने घरचं अंगण सुचवलं होतं.

"आणखी कुठले प्रकार असतात?" श्रुतिकाने विचारलं. "सगळे सांग."

"एक तारांनी ताणलेला असतो. मधे बारीक काठीसारखा मास्ट आणि तीन बाजूंना लांब तारा. स्वस्त, पण सर्कशीच्या तंबूएवढी जागा. ते गावाकडे. दुसरा हा, जाळीचा, चार पायांचा. त्यावर भरपूर अँटेना बसतात, दोन-तीन कंपन्या एकत्र येतात, म्हणून आमच्या लोकांना हाच आवडतो. तिसरा मोनोपोल. एकच खांब, वर निमुळता. त्यात ताडाच्या झाडासारखा रंगवलेला पण मिळतो, प्लास्टिकच्या झावळ्या लावून."

"माडासारखा नाही?" सुलक्षणाने विचारलं.

"सांगून बघतो. नारळ लागणार नाहीत पण."

"मोनोपोल किती जागा घेतो?" श्रुतिका त्याला सोडायला तयार नव्हती.

"जमिनीच्या वर? या तुळशीच्या कट्ट्यापेक्षा थोडी जास्त."

"मग तोच का नाही सांगितलास आधी?"

सौरभने टेप गुंडाळला. "कारण तो महाग पडतो आणि त्यावर कमी अँटेना बसतात. आणि बाबांनी विचारलं, कंपनी भाडं जास्त कशात देते? मी म्हटलं, चार पायांत. त्यांनी पुढे काही विचारलं नाही."

सुलक्षणाने झाडू उचलला. रांगोळीच्या रेघा तशाच सोडून ती त्यांच्या आतल्या बाजूने झाडत गेली.

*

सुबोधच्या बायकोला, नीलमला, टॉवर हवा होता. तिने ते लपवलं नव्हतं. चेंबूरला तिची आई एकटी असे, आणि तिचा फोन आला की नीलम गुडघा धरत गच्चीच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात जाई, कारण घरात आवाज तुटत होता. आई म्हणे, "तू बोलत नाहीस, नुसती हॅलो हॅलो करतेस." शिवाय भाड्यातून गळती काढता येईल, जिन्याला धड कठडा लावता येईल, हे सुबोधचं म्हणणं तिला पटलं होतं.

दुपारी ती खाली आली तेव्हा सुलक्षणा स्वयंपाकघरात तिरफळं निवडत होती.

"ताई, रागावलात का?"

"कोणावर रागवू? मीच व्हय म्हटलं."

"आम्ही सगळ्यांनीच म्हटलं. मी तर गुडघ्याचाच विचार करत होते." नीलम पाटावर बसली नाही, स्टुलावर बसली. "एक विचारू? टॉवर झालाच, तर मिरची कुठे वाळवणार?"

"तुझ्या गॅलरीत."

नीलमने तिच्याकडे पाहिलं. सुलक्षणा गंभीर होती.

"तीन महिने?"

"आणि भाजायचं इथेच. ठसका वर जाईल, पण अंगणात भाजते तेव्हाही थोडा जातोच. कपडे मात्र तुला मागच्या खिडकीत घालावे लागतील. लाल डाग निघत नाहीत."

थोडा वेळ दोघी तिरफळं निवडत राहिल्या. बिया वेगळ्या, टरफलं वेगळी.

"आणि खरं सांगू," सुलक्षणा म्हणाली, "गॅलरीत ऊन दोन तासच येतं. मिरची नरमच राहणार. नरम मिरची कुटली की मसाला वर्ष काढत नाही. एकदा बुरशी आली की पुढच्या वर्षी कोण घेणार माझ्याकडून? म्हणजे या वर्षीचा शेवटचा."

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. हिशेब झालेला होता, फक्त बोलून दाखवत होती. नीलमला ते जास्त लागलं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा पहिल्या उन्हाळ्यात तिला ठसक्याने ताप आला होता आणि सुलक्षणाने भट्टी उचलून अंगणाच्या पार टोकाला नेली होती. कुणी सांगितलं नव्हतं. सौरभ, श्रुतिका दोघंही मिरच्यांच्या चादरींमधून उड्या मारत चालायला शिकली. ते अंगण आपण रोज गॅलरीतून बघतो, पण एकदाही त्याचा विचार केला नाही, असं नीलमच्या मनात आलं.

"मी बोलते यांच्याशी," ती म्हणाली.

"नको. नवरा-बायकोत माझ्यावरून नको."

"तुमच्यावरून कुठे? माझ्या गॅलरीवरून बोलते."

त्या संध्याकाळी वरच्या मजल्यावर बराच वेळ बोलणं चालू होतं. सुबोधचं एकच म्हणणं होतं: "मी काय ताईला हाकलतोय का? सगळ्यांच्या भल्याचं बघतोय." आणि नीलमचं एकच: "सगळ्यांचं भलं तिच्या एकटीच्या जागेवर का?"

मग तिने लेकीला हाक मारली. "श्रुती, रेडिएशनचं काय गं? खालच्या मजल्यावर अण्णा असतात."

"अँटेना लहरी आडव्या फेकतात, आई. टॉर्च जसा समोर जातो तसा. बरोबर खांबाखाली सगळ्यात कमी. शून्य नाही, पण मर्यादेच्या खूप आत. उभा राहिला की मोजायला लावू. मी स्वतः उभी राहीन तिथे."

"म्हणजे एक खांब आणि चार पाय, त्यात फरक नाही?"

"त्याच अँटेना असतील तर त्यात नाही. फरक जमिनीवर आहे."

*

शनिवारी सौरभच्या ऑफिसमधून तेजल आली. पायाभरणीचं काम बघणारी इंजिनियर, घाटकोपरची, डोक्यावर ऑफिसची टोपी आणि पाठीवर कॉलेजचीच वाटावी अशी सॅक. तिने चहा घेतला, लाडू नको म्हणाली, मग घेतला.

अंगणात रांगोळीच्या रेघा आता पुसट झाल्या होत्या आणि त्यांच्यावर चादरी आल्या होत्या. मिरची आली होती. सुबोध पायरीवर उभा होता. काल रात्रीपासून त्याने बायकोशी जेवणापुरतंच बोलणं ठेवलं होतं.

"मोनोपोल होईल," तेजल म्हणाली, आणि सुलक्षणाचा चादर झटकणारा हात थांबला. "पण लोकांची एक गैरसमजूत असते. वर खांब बारीक दिसतो, म्हणून जागा वाचली असं वाटतं. जमिनीखाली तसं नसतं. वाऱ्याने खांब उलटू नये म्हणून खाली मोठी रुंद काँक्रीटची बैठक लागते. माती असेल तर जवळजवळ तेवढंच खोदावं लागेल जेवढं चार पायांना."

"म्हणजे अंगण खणणारच?" श्रुतिकाने विचारलं.

"खणून परत बुजवता येतं. पण या उन्हाळ्यात अंगण विसरा. आणि वर फरशी टाकली तरी मशीन आणायला वाट मोकळी ठेवावी लागेल. कायमची."

सुबोधने मान हलवली. आपण म्हणत होतो ते हेच, असा त्याचा चेहरा होता. सुलक्षणा पुन्हा चादर सरळ करू लागली.

"नेहमी असंच?" श्रुतिका थांबली नाही. "बैठक कशासाठी हवी? वजनासाठी ना? खांबाला धरून ठेवायला. मग दुसरं काही धरून ठेवत असेल तर?"

तेजलने तिच्याकडे जरा कुतूहलाने पाहिलं. "खडक असेल तर. वरच कडक खडक लागला तर त्यात भोकं पाडून सळया आत बसवतो. मग पाया लहान होतो. खडकच धरून ठेवतो."

"आणि आपली जोगेश्वरीची लेणी इथून कितीशी लांब आहेत?" श्रुतिका म्हणाली. "ती काय मातीत कोरलीयत?"

"सगळीकडे सारखा नसतो तो. इथे अंगणात भराव दिसतोय. टेस्ट करूनच कळेल."

"अंगणात भरावच आहे," सुबोध म्हणाला. त्याला खडकाबद्दल बोलायला आवडे. घर बांधलं तेव्हा तो दहावीत होता आणि सगळी कामं त्यानेच पाहिली, असा त्याचा दावा होता. "अण्णांनी गाड्या भरून टाकून घेतला होता. खडक पाहिजे असेल तर तिकडे. गेटजवळ." त्याने उत्तरेच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "गेटचा खांब रोवायचा होता, तर हातभर खाली गेलं की पहार वाजायला लागली. माणसं थकली. शेवटी कुठून तरी ब्रेकर आणला, त्याचं पण टोक तुटलं. मी म्हटलं, ह्याला लेण्यांचा दगड म्हणतात! अण्णा, आठवतं?"

"आठवता," अण्णा आतून म्हणाले.

"हातभर खाली?" तेजलने विचारलं. "नक्की?"

"अहो, नक्की म्हणजे! मी स्वतः उभा होतो. आजही त्या खांबाला ट्रक धडकला तर ट्रक जाईल, खांब..."

तो तिथेच थांबला.

सगळे त्या कोपऱ्याकडे बघत होते. तिथे त्याची गाडी उभी होती. दसऱ्याला घेतलेली, पांढरी, आरशाला अजून लिंबू-मिरची लटकलेली. गल्लीत गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून गेट रुंद करून खास तिच्यासाठी ती जागा केली होती. सुबोध रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी एका पिवळ्या फडक्याने ती पुसायचा.

"टेस्ट करूया तिथे," तेजल म्हणाली. तिला यातलं काही माहीत नव्हतं. ती टेप घेऊन गेटकडे निघाली. "घरापासून अंतर भरतंय. मशिनांसाठी खोली नको, कपाट खांबालाच मागच्या बाजूला बसवता येईल. वीज रस्त्यावरूनच. अंगणाला हात लावायची गरज नाही. ही गाडी कोणाची आहे? काढावी लागेल."

सौरभ रस्त्याकडे बघायला लागला. त्याचे खांदे हलत होते.

"सौरभ," सुबोध म्हणाला.

"बाबा, मी काही बोललो?"

"सावली पडेल का?" सुलक्षणाने विचारलं. सकाळपासून ती पहिल्यांदाच बोलली. "खांबाची. चादरींवर."

श्रुतिकाने आभाळाकडे पाहिलं, मग गेटकडे. "नाही, आत्या. एप्रिल-मेमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. सावली खांबाच्या पायाशीच. आणि खांब उत्तरेला आहे. चार पायांची जाळी मधोमध असती तर तिची सावली दिवसभर चादरींवर फिरली असती."

*

तेजल गेल्यावर सुबोध अंगणात आला नाही. वरच्या खिडकीतून त्याला सगळं दिसत होतं: चादरी, त्यांच्यामधून जाणारी पायवाट, आणि कोपऱ्यातली गाडी.

बोलायला मुद्दे होते. भाडं कमी येईल, हा एक. गेटच्या तोंडाशी खांब म्हणजे घराचं तोंड बिघडलं, हा दुसरा. सही अण्णांची लागेल, पण अण्णा त्याच्या शब्दाबाहेर जाणार नाहीत. तो अडून बसला तर चार पायांचाच टॉवर येईल, नाहीतर कुठलाच येणार नाही. आणि कुठलाच आला नाही तर सौरभचं ऑफिसात नाक कापलं जाईल, अण्णांचं गाऱ्हाणं मोडेल. हे सगळं त्याने मनात जुळवून ठेवलं होतं. एका मुद्द्यावर मात्र गाडी अडत होती. अंगण जाणार होतं तेव्हा तो म्हणाला होता, सगळ्यांच्या भल्यासाठी थोडी जागा सोडावी लागते. ते वाक्य तसंच्या तसं आता त्याच्या गाडीला लागू पडत होतं.

नीलम मागे येऊन उभी राहिली. "रस्त्यावर लावा ना. सगळे लावतात."

"रस्त्यावर? ओरखडे पाडतात पोरं. रात्री टोइंगवाले."

"मग?"

"मग काय? जागा कुठेय?"

नीलमही खाली बघत होती. या घरात मोकळी जागा एकच होती.

सुबोधला ते आधीच दिसलं होतं, आणि म्हणूनच तो खाली जात नव्हता. त्याने आठवून पाहिलं. सौरभची तीनचाकी अंगणात आली तेव्हा ताईला विचारलं होतं? नाही. स्वतःच्या लग्नाचा मांडव? नाही, तो अण्णांनी घातला. जुनी स्कूटर, गळती काढायला आणलेली वाळू, ड्रमभर डांबर, जे दोन उन्हाळे तिथेच पडून राहिलं? प्रत्येक वेळी ती चादर थोडी सरकवून घेई आणि तो आपली वस्तू ठेवून जाई. टॉवरचंही त्याने विचारलं नव्हतं. फक्त कळवलं होतं.

तो खाली उतरला तेव्हा सूर्य समोरच्या अर्धवट इमारतीमागे गेला होता. सुलक्षणा लोखंडी घमेल्यात मिरच्या भरत होती. अण्णा पायरीवर बसून खराब देठं बाजूला काढत होते. श्रुतिका त्यांच्या शेजारी शिंकत होती आणि तरी उठत नव्हती.

"मी सौरभला हो सांगितलं," सुबोध म्हणाला. "एक खांब. गेटजवळ."

सुलक्षणाने मान हलवली. "बरं."

"भाडं कमी येईल."

"येऊ दे."

तो उभाच राहिला. चादरीच्या कडेला, चप्पल चादरीला लागणार नाही एवढ्या अंतरावर. अण्णांनी वर पाहिलं आणि पुन्हा देठं काढायला लागले.

"ताई."

"काय रे?"

"गाडी... रात्रीची गाडी इथे लावू का? अंगणात. कडेला. सकाळी तू यायच्या आत काढीन."

सुलक्षणाचे हात घमेल्यात थांबले. ती ताठ उभी राहिली, कमरेवर लाल हात ठेवून, आणि अंगण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघू लागली. घाई न करता. जणू पहिल्यांदाच बघत होती.

"मे संपेपर्यंत नाही," ती म्हणाली. "मिरचीला डिझेलचा वास लागतो."

"पेट्रोल आहे."

"पेट्रोलचाही लागतो."

"मग तोपर्यंत कुठे लावू?"

"ते तू बघ." तिने घमेलं उचलून कमरेवर घेतलं. "जूनमध्ये परत विचार. तेव्हा सांगेन."

आणि ती आत गेली. सुबोध चादरीच्या कडेला उभा होता. मग तो वाकला, अण्णांच्या समोर उकिडवा बसला आणि उरलेल्या मिरच्या ओंजळीने गोळा करू लागला.